पत्रातली चौथी ओळ

शिफारसपत्राचा मसुदा आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षानुवर्षं एकच आहे. पाच ओळींचा. अमुक व्यक्ती आमच्या मंडळीची सभासद आहे, तिचा बाप्तिस्मा अमुक तारखेला झाला, दृढीकरण अमुक साली झालं, ती नियमितपणे प्रभुभोजन घेते, आणि तिच्या विवाहाला आमच्या माहितीप्रमाणे कोणतीही हरकत नाही. खाली पाळकांची सही, सेक्रेटरीची सही, शिक्का. नाव आणि तारखा भरल्या की झालं, दहा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी या दहा मिनिटांच्या कामाला मी तीन आठवडे लावले.

सेक्रेटरी मी आहे. ठाकुर्लीला आमचं छोटं चर्च आहे, साठेक कुटुंबांचं. पाळकांकडे दोन मंडळ्या आहेत, त्यामुळे कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे असतं आणि ते बहुतेक वेळा न वाचता सही करतात. मुलगी आमच्याकडची आणि मुलगा दुसऱ्या मंडळीचा असेल तर तिकडचे पाळक हे पत्र मागतात. पत्र पोचल्याशिवाय ते पुकार लावत नाहीत. पुकार म्हणजे लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा करायची आणि कोणाची हरकत असेल तर ती विचारायची. पुकार नाही तर लग्न नाही, इतकं ते सरळ आहे.

पत्र ज्या मुलीचं होतं ती सव्वीस वर्षांची. वडील ती नववीत असताना गेले. आई डोंबिवलीत एका नर्सिंग होममध्ये आया आहे. मुलगी लॅब टेक्निशियन झाली, ठाण्यात नोकरीला लागली, आणि पहाटेची ड्युटी असते म्हणून बाळकुमला खोली घेऊन राहायला गेली. रविवारी मात्र ठाकुर्लीला यायची, आईच्या शेजारी बसायची. लग्न नगरकडच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर तिची आई माझ्याकडे आली.

"टीचर, सलाम. पोरीचं तेवढं पत्र. तिकडचे पाळक म्हणतात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहिली पुकार लावू."

"करते," मी म्हटलं.

मला सगळे टीचर म्हणतात. मी कुठल्याही शाळेत शिकवत नाही. अठरा वर्षं संडे स्कूल आणि दृढीकरणाचा, म्हणजे पहिलं प्रभुभोजन घेण्याआधीच्या तयारीचा, वर्ग घेतला, त्याचं हे बक्षीस. पोटासाठी मी मानपाड्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. व्हॉल्व्हचे भाग तपासते. बरोबर असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट. हात आणि डोळे त्याला सरावलेले आहेत, आणि कधीकधी कारखान्याबाहेरही ते काम थांबवत नाहीत.

पत्र मी त्याच दुपारी लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या. चौथीवर थांबले.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक पुढे येत नाहीत, जागेवरच बसतात. आम्ही पंच भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचा ट्रे घेऊन रांगेरांगेतून फिरतो. डावी बाजू माझी. ती मुलगी डावीकडेच बसते. जानेवारीत मी ट्रे तिच्यापुढे धरला तेव्हा तिने मान हलवली. मला वाटलं, ॲसिडिटी असेल. फेब्रुवारीत तेच. मार्चनंतर मी तिच्यापुढे ट्रे धरायची आणि ती मान हलवायच्या आतच पुढे सरकवायची. आमच्या हातांना त्याची सवय झाली होती.

पण साठ कुटुंबांच्या चर्चमध्ये न घेतलेला पेला कोणाच्या नजरेतून सुटत नाही. आणि आमच्यात त्याचा अर्थ एकच लावतात. पापात असलेला माणूस भोजन घेत नाही. म्हणजे जो घेत नाही तो पापात आहे. कोणतं पाप, एवढंच शोधायचं बाकी राहतं, आणि शोधायला भगिनी मंडळ आहे.

आदल्याच रविवारी, भोजन झाल्यावर, भगिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला गेटजवळ गाठलं होतं.

"नवव्यांदा हं."

"काय नवव्यांदा?"

"अगं, ट्रे तूच नेतेस आणि मलाच विचारतेस? बाळकुमला राहते म्हणे. खोलीत एकटी नाही म्हणे."

"मग कोणाबरोबर राहते?"

"ते मी कशाला सांगू? मला काय करायचंय दुसऱ्याच्या पोरीचं. मी आपली तिच्यासाठी प्रार्थना करते."

आणि त्यांनी ती केलीच. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एका तरुण बहिणीसाठी प्रार्थना करू या. ती वाट चुकली आहे. नाव घेत नाही." आमच्याकडे नाव न घेता केलेल्या प्रार्थनेइतकं वेगाने काहीच पसरत नाही. नाव घेतलं असतं तर कोणीतरी म्हटलं असतं, थांबा, तिला विचारलं का? नाव नाही म्हटल्यावर हरकत तरी कशाला घ्यायची? सगळ्यांनी डोळे मिटले, सगळ्यांना नाव कळलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. माझा आवाज मोठा आहे, तो ऐकूही गेला असेल.

मी स्वतः तिच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण पत्र पर्समध्ये तसंच होतं, तीन ओळींचं.

आमच्या कारखान्यात मालाला तीन रंगांची लेबलं लागतात. हिरवं पास, लाल रिजेक्ट, पिवळं होल्ड. पिवळं म्हणजे ठरलेलं नाही, बाजूला ठेवा. नवीन पोरांना ते सगळ्यात सोयीचं वाटतं. लालवर सही करावी लागते आणि कारण लिहावं लागतं. पिवळ्याला काहीच लागत नाही. रॅकवर पिवळी लेबलं साठली की मी त्यांना झापते. म्हणते, तुम्हाला माहीत नसेल तर मोजा, मोजायचं नसेल तर नोकरी सोडा. आणि इकडे मी एका जिवंत मुलीला पिवळं लेबल लावून तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडत होते. बसमध्ये, कँटीनमध्ये, भाजी घेताना. पैसे काढायला पर्स उघडली की पत्राचं पाकीट हाताला लागायचं.

ज्येष्ठ पंच आमचे एक काका आहेत, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं.

"चौथी ओळ गाळून टाका ना बाई," ते म्हणाले. "कोण बघतंय?"

"काका, मसुदा सगळीकडे तोच आहे. चार ओळींचं पत्र बघितलं की तिकडचे पाळक पहिलं तेच विचारतील."

"मग लिहून टाका नियमितपणे घेते म्हणून."

"ती घेत नाही."

"मग देऊ नका पत्र. तिची ती बघेल."

सिग्नल हिरवा, सिग्नल लाल, इतकंच काकांना कळतं. ओळ लिहावी तर ते खोटं. गाळावी तर न बोलता केलेला आरोप. पत्रच न द्यावं तर लग्न मोडणार, आणि नगरकडे ज्या घरात ते मोडेल तिथे कारण विचारलं जाणारच. मुलीच्या बाजूने उत्तर द्यायला एक आया असलेली आई. एवढं सगळं माझ्या एका ओळीवर अडकलं आहे हे मला चांगलं कळत होतं, आणि तरी मी ठरवत नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या आईचा फोन कारखान्यात आला. तिने कधी मला कामावर फोन केलेला नव्हता.

"टीचर, काही अडचण आहे का?"

"नाही, नाही. शिक्का सापडत नव्हता."

शिक्का घरी माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवर उघडला की समोरच दिसायचा.

फोन ठेवला आणि मी हातातला लॉट पूर्ण रिजेक्ट केला. दीडशे नग. मग पुन्हा मोजले, तर ते चांगले होते. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आज घरी भांडून आलात का?" मी हाफ डे टाकला, स्कूटी काढली, माणकोलीच्या नव्या पुलावरून हायवेला लागले. का जाते आहे ते नक्की माहीत नव्हतं. बघू तरी कुठे राहते, असं मनात होतं. खरं सांगायचं तर खोलीत कोण आहे ते बघायला जात होते. म्हणजे इन्स्पेक्शनलाच. दोन्ही बाजूंनी भिवंडीच्या गोदामांचे ट्रक, आणि मी त्यांच्यामधून, हेल्मेटच्या आत स्वतःशी बडबडत.

बाळकुमला जुन्या गावाच्या बाजूला एका दोन मजली घरात ती राहायची. मागे तीस-तीस मजल्यांचे टॉवर, आणि त्यांच्या सावलीत हे घर. घरमालकीण दारात सुकट निवडत बसली होती. जमिनी टॉवरला गेलेल्या, अंगावर भरपूर सोनं, आणि हातात सुकटीचं सूप.

"कोन पायजे गो तुला?"

मी नाव सांगितलं.

"ती लॅबवाली पोर? वर हाय, आताच आलीय. तू कोन, मावशी का तिची?"

"चर्चमधली."

"हां, चर्चमदली. तेची दोस्तीन पन जातंय चर्चला, ती केरलाची नर्स. दोगी येका खोलीत ऱ्हातान. बरी पोरी हान. माज्या बुढ्याची शुगर तपासतान, पैसं घेत नाय." तिने मला खालून वर बघितलं. "तुमच्याकडचा कोनी येत नाय गो कदी त्यांना बगायला."

खोलीतलं ते दुसरं माणूस असं पाच मिनिटांत उलगडलं. नऊ महिन्यांत कोणीही बाळकुमपर्यंत आलं असतं तरी उलगडलं असतं. मी परत फिरू शकले असते. पण चौथी ओळ तशीच होती, म्हणून वर गेले.

ती लॅबचा कोट धूत होती. मला बघून तिने नळ बंद केला.

"टीचर? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझं पत्र लिहायचंय."

"मग?"

"चौथी ओळ अडलीय. तू भोजन घेत नाहीस."

तिने हात पुसले. खुर्ची एकच होती, ती माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

"का घेत नाही, ते विचारायला आलात?"

"हो."

"आज?"

"आज."

"जानेवारीपासून दर महिन्याला तुम्हीच ट्रे धरता माझ्यापुढे," ती म्हणाली. "मला वाटायचं, या महिन्यात विचारतील. मग वाटायचं, पुढच्या. तुम्ही तर आता नीट थांबतसुद्धा नाही."

"मग आता सांग."

"तुमच्यामुळे घेत नाही."

मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"नाताळच्या नाटिकेची प्रॅक्टिस आठवते?" तिने विचारलं.

आठवत होती. मुलांची नाटिका तिच्याकडे होती. ती तीनदा उशिरा आली. तिसऱ्यांदा मी तिच्या हातातून फाइल घेतली आणि दुसऱ्या मुलीकडे दिली. मला त्यात आजही फारसं चूक वाटत नाही. पंचवीस मुलं अर्धा तास धिंगाणा घालत होती. तसं मी म्हटलंही.

"फाइलचं नाही हो," ती म्हणाली. "फाइल तुम्ही घेतलीत ते बरोबरच होतं. तुम्ही पुढे काय बोललात?"

"काय बोलले?"

"खरंच आठवत नाही?"

"नाही."

"घरात शिस्त लावणारं कोणी नसलं की मुलं अशी होतात, असं म्हणालात. सगळ्या मुलांसमोर, त्यांच्या आयांसमोर. माझी आई मागे करंज्यांचे डबे घेऊन उभी होती."

मला अजूनही ते वाक्य आठवत नाही. पण ते माझंच आहे, ते मला ऐकताक्षणी कळलं. शब्द माझे, चाल माझी. मी अशी वाक्यं दिवसातून चार बोलते आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरते.

"मग मला सांगायचंस," मी म्हटलं. आवाज चढला होता. "माझ्याकडे यायचंस. एवढं नऊ महिने मनात धरून..."

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला, दृढीकरणाच्या वर्गात. कोणाविषयी मनात राग असेल तर टेबलाशी जायचं नाही, आधी जाऊन मिटवायचं. मला मिटवता येत नव्हतं. राग जात नव्हता. मग मी न जाण्याचा भाग तरी पाळला. बाकीचे काय समजतात ते मला कळत होतं. प्रार्थनासभेचंही कळलं."

"मी क्षमा मागते," मी म्हटलं. उभ्या उभ्या, स्कूटीची किल्ली हातात. कारखान्यात मटेरियल उशिरा आलं की सॉरी म्हणतो तसं ते निघालं, पण मला दुसरं येत नव्हतं.

तिने ओला कोट उचलून पिळला. खाली घरमालकीण कोणालातरी ओरडत होती.

"मी आता हो म्हटलं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण मला पत्र पाहिजे. पत्रासाठी हो म्हणते की मनापासून, ते मलाच कळणार नाही. म्हणून नको."

"मग पत्रात काय लिहू?"

"खरं ते लिहा. खोटं लिहू नका. आणि माझ्यावर उपकार म्हणूनही काही लिहू नका."

"लग्न अडेल गं."

"अडलं तर अडलं," ती म्हणाली, पण हात ओल्या कोटावर होता आणि तो ती उगाचच पुन्हा पिळत होती.

परतताना मी थेट घरी गेले नाही. ठाकुर्लीला तिच्या आईकडे गेले. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. मी दारातच सांगितलं, नाताळच्या वेळी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, आणि मला ते आठवतही नाही ही आणखी वाईट गोष्ट आहे.

"मला आठवतं, टीचर," ती म्हणाली.

"मग काही बोलली का नाहीस?"

"मला पत्र पाहिजे होतं ना तुमच्याकडून. आज ना उद्या लागणारच होतं." ती आत चहा टाकायला गेली. मला तो चहा प्यावा लागला.

दोषी ठरवू नका, असं आमच्यात लोक पटकन म्हणतात. बहुतेक वेळा स्वतःची पाळी आल्यावर. मला ते वाक्य कधी फारसं उपयोगाचं वाटलं नाही. ठरवल्याशिवाय कोणाचं चालतं? मुलीला मुलगा ठरवायचा, मंडळीला पंच ठरवायचे, मला व्हॉल्व्ह ठरवायचा. ते पत्रच मुळी एका माणसाविषयी दुसऱ्याने दिलेला निर्णय आहे. तो द्यायचाच नाही म्हटलं तर तिचं लग्न अडतं. न ठरवणं म्हणजे दयाळूपणा नव्हे, हे मी त्या तीन आठवड्यांत माझ्याच पर्समध्ये बघितलं होतं.

पण शास्त्रात क्रम सांगितलेला आहे, आणि तो मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहायची. कोणाचं चुकलं असं वाटलं तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं. तिथे जमलं नाही तर एकदोघांना घेऊन. तिथेही नाही जमलं तरच मंडळीपुढे. आम्ही बरोबर उलटं केलं होतं. आधी मंडळीपुढे, तेही प्रार्थनेच्या नावाखाली. मग गेटजवळ एकदोघी. आणि तिच्याकडे एकट्याने जायचं काम कोणी केलंच नाही. गेले ती मी, आणि तीही खोलीत कोण आहे ते बघायला. पहिली पायरी शेवटी आली आणि त्या पायरीवर माझीच चूक निघाली. पहिल्यांदा गेले असते तर जानेवारीतच निघाली असती. त्यासाठी मला काही संत व्हावं लागलं नसतं, पेट्रोल टाकलं असतं तरी पुरलं असतं.

शुक्रवारी मी पत्र लिहिलं. चौथी ओळ चांगलीच लांबली. लिहिलं की या भगिनीने जानेवारीपासून प्रभुभोजन घेतलेले नाही. खाली सही करणाऱ्या सेक्रेटरीने लोकांसमोर तिचा व तिच्या आईचा अपमान केला, आणि त्याविषयी मन स्वच्छ झाल्याशिवाय भोजन घेऊ नये असे तिचे मत आहे. सेक्रेटरीने क्षमा मागितली आहे, ती अद्याप मिळालेली नाही. भगिनीच्या वर्तनाविषयी मंडळीची कोणतीही तक्रार नाही.

काकांनी ते वाचून चष्मा काढला.

"अहो बाई, असं कोणी लिहितं का? मंडळीचं नाव जाईल."

"मंडळीचं नाही, माझं जाईल. खाली सही माझी आहे."

"आणि नगरवाल्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर मी नगरला जाईन."

पाळकांनी त्या वेळी मात्र सही करण्याआधी वाचलं. दोनदा वाचलं. "तिला दाखवलंत?" एवढंच विचारलं. दाखवलं होतं, मोबाइलवर. तिने फक्त 'अद्याप' या शब्दाखाली बोट ठेवलं होतं, आणि मान डोलावली होती. पाळकांनी सही केली. मी ते स्कॅन करून पाठवलं आणि मूळ प्रत कुरियरने रवाना केली.

शनिवार माझा वाईट गेला. घरात तीनदा लादी पुसली. नवरा म्हणाला, "आता ही झिजेल." संध्याकाळी नगरच्या पाळकांचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटले.

"सलाम. बाई, अशी चौथी ओळ मी पहिल्यांदाच वाचतोय."

"मीही पहिल्यांदाच लिहिली."

"मिटलं का मग?"

"नाही."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, पत्रासाठी मिटवणार नाही."

मी पदराने कपाळ पुसलं. मग ते हसल्याचा आवाज आला, की खोकल्याचा, ते कळलं नाही.

"अशी सून आमच्या मंडळीला पचायला जरा जड जाईल."

"आम्हालाही गेली," मी म्हटलं.

"उद्या पहिली पुकार लावतो."

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे भोजन. मी ट्रे उचलला नाही. काकांना सांगितलं, डावी बाजू तुम्ही बघा, आणि जाऊन रांगेत बसले. ट्रे आला तेव्हा मान हलवली. काका थबकले, पेले किणकिणले. मुलगी तीन रांगा पुढे होती. तिनेही घेतलं नाही. तिने मागे वळून बघितलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण बाकी सगळ्यांनी बघितलं. मानेवर ऊन पडावं तशा त्या नजरा लागत होत्या. नऊ महिने ती अशी बसत होती आणि दर वेळी पुढच्या महिन्यात पुन्हा येत होती. मला पहिल्याच रविवारी उठून बाहेर जावंसं वाटलं.

शेजारच्या बाईंनी कानात विचारलं, "शुगर वाढली का?"

बुधवारी प्रार्थनासभेत अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या. "एका ज्येष्ठ बहिणीसाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही."

"घ्या नाव," मी म्हटलं. "माझंच आहे. कारणही सांगते, म्हणजे गेटपर्यंत थांबायला नको."

सांगितलं. दोन मिनिटांत झालं. मग म्हटलं, बाळकुमच्या खोलीत एक नर्स राहते, ती दर रविवारी चर्चला जाते, आणि मागच्या महिन्यात इथे ज्यांनी आमेन म्हटलं त्यांच्यात मी होते. कोणीतरी गाणं सुरू केलं, फार वरच्या पट्टीत, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे धापा टाकत गेलो. अध्यक्षीणबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे मी स्वतः गेले, एकटी. ते काही फार चांगलं झालं नाही, पण गेले.

ट्रे मी अजून पुन्हा हातात घेतलेला नाही.

तिन्ही पुकारा झाल्या, कोणाची हरकत आली नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी तिचा मेसेज आला. त्यात क्षमेचं काही नव्हतं. 'टीचर, लग्नाला या. आमच्या बाजूने वाढायला माणसं कमी आहेत. साधी साडी नेसा.'

मी गेले. त्यांच्या चर्चमागच्या मैदानात मांडव होता, पंगती होत्या. लग्नाच्या उपासनेत मी मागे उभी होते, ती हो म्हणाली ते नीट ऐकू आलं. मग मी पदर खोचला आणि मटणाची बादली घेतली. तिची आई भात वाढत होती, माझ्यापुढे दोन पानं. बोलायला दोघींना वेळच नव्हता.

तिसऱ्या पंगतीला नवरा-नवरी पाहुण्यांना भेटत फिरत होते. ती माझ्यासमोर आली. डोक्यावर पांढरा पदर, हातात फुलं. मी बादली हातात धरून उभी.

तिने माझ्या बादलीत डोकावून बघितलं.

"टीचर, त्या टोकाच्या रांगेला मटण पोचलेलं नाही," ती म्हणाली. "आणि जरा कमी कमी वाढा. अजून दोन पंगती व्हायच्यात."

मी त्या रांगेकडे गेले.